फौजेचा पैसा कुठे मुरतो?

ठाण्याच्या माजिवड्याहून निघालेला घोडबंदर रोड मानपाडा, कासारवडवली, गायमुख असे टप्पे घेत खाडीकाठच्या घोडबंदर गावापाशी पोहोचतो. तिथे पोर्तुगीज काळातला किल्ला आहे आणि पाण्यापलीकडे वसईचा मुलूख. या बंदरात पूर्वी घोडे उतरत, असे सांगितले जाते. रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या माणसाला त्याचे कौतुक वाटणार नाही, पण घोडा ही त्या काळी साधी वस्तू नव्हती. ती युद्धसामग्री होती, तीही परदेशातून आणावी लागणारी.

दक्षिणेतल्या हवापाण्यात लढाईचे उमदे घोडे पुरेसे निपजत नसत. त्यामुळे इथल्या राजवटी अरबस्तान आणि इराणकडून घोडे विकत घेत. विजयनगरच्या साळुव नरसिंह राजाची एक हकीकत फर्नांव नुनिझ या पोर्तुगीजाने लिहून ठेवली आहे. राजा घोडे मेलेले असोत की जिवंत, पूर्ण किंमत मोजून घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी व्यापाऱ्याला पैसे मिळत. ऐकायला गंमत वाटते, पण व्यवहार साफ होता. पुरवठादार हातचा गेला तर शेजारचा सुलतान तेच घोडे घेईल, ही भीती राजाला होती. पुढे 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि घोड्यांच्या व्यापारावर पकड बसवली. दक्षिणेतल्या राज्यांनी एकमेकांशी लढावे आणि जकात गोव्यात जमा व्हावी, अशी ती सोय होती.

लष्करी खर्चाचा अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच मिळते. शस्त्र बाहेरून आले की त्यावर खर्च झालेले सोने देशाबाहेर जाते. त्यातून गावात लोहारशाळा उभी राहत नाही की कोणाला कसब येत नाही. मराठ्यांच्या घोडदळाची मोठी भिस्त भीमथडीच्या काटक तट्टांवर राहिली, त्यात लढाईच्या पद्धतीइतकाच खर्चाचाही भाग होता. दिसायला ती अरबी घोड्याच्या जवळपासही नव्हती, पण निरा-भीमेच्या खोऱ्यात वाढत आणि त्यांचा पैसा तिथेच राही.

आजचा हिशेब फारसा वेगळा नाही. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या नोंदींनुसार 2020 ते 2024 या काळात शस्त्रे आयात करणाऱ्या देशांत युक्रेननंतर भारताचा दुसरा क्रमांक लागला. तेजस हे विमान भारतात बनते आणि त्याची एक जोडणी यंत्रणा नाशिकजवळच्या ओझरलाही सुरू झाली आहे. इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. वायुदलासाठी 83 तेजस विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला, पण इंजिने येण्यास उशीर झाला आणि विमानेही रखडली. विमान स्वदेशी आहे का, याचे उत्तर म्हणूनच एका शब्दात देता येत नाही. त्याच्या किमतीतला किती रुपया देशात फिरतो, हे विचारावे लागते.

आता घोडबंदरच्या किल्ल्याकडे परत यावे. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि घोडबंदरसह साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आले आणि मे 1739 मध्ये वसई पडली. शाळेच्या पुस्तकात हा विजय असतो, त्याचा खर्च नसतो. त्याच काळात थोरले बाजीराव धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाने आणि सावकारांच्या तगाद्याने हैराण झाल्याचे सांगत होते. मोहीम आधी कर्ज काढून चालवायची आणि नंतर जिंकलेल्या मुलखाच्या चौथाई-सरदेशमुखीतून ते फेडायचे, अशी पेशवाईची रीत होती. जिंकत राहिलो तर हिशेब जुळतो. वसुली थांबली की सगळे अंगावर येते. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंना दिल्लीत फौजेचा पगार भागवण्यासाठी दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. त्यातून नऊ लाखांच्या आसपास रुपये निघाले. पानिपतावर त्यानंतर काही महिन्यांनी काय झाले ते मराठी माणसाला सांगायला नको. त्या पराभवात उपासमारीचा आणि थकलेल्या पगाराचा वाटा किती, यावर मात्र आपल्याकडे कमी बोलले जाते.

साष्टीचे पुढे काय झाले, हाही फौजेच्या बिलाचाच इतिहास आहे. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च 1775 मध्ये सुरतेच्या तहात पेशवेपद मिळवू पाहणाऱ्या रघुनाथरावांनी अडीच हजार सैनिकांच्या मदतीसाठी दरमहा दीड लाख रुपये कबूल केले, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले आणि वर साष्टी व वसई देऊ केली. त्यांच्या मुलाने मोठा सौदा केला. यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी, घोडबंदरसमोरच्या वसईतच, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाख उत्पन्नाचा मुलूख, ही त्यातली मुख्य अट.

तैनाती फौज ही हिशेबाच्या दृष्टीने अत्यंत चलाख कल्पना होती. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च मात्र पेशव्यांचा. नुसते रोख पैसे मागितले असते तर एखाद्या वर्षी थकले असते आणि भांडण झाले असते. मुलूखच लिहून घेतला की वसुलीची चिंताही उरत नाही. संरक्षणाच्या नावाने पेशव्यांच्या उत्पन्नाचे साधनच हस्तांतरित झाले. उत्पन्न घटले की स्वतःचे सैन्य ठेवण्याची ऐपत घटते, आणि ऐपत घटली की परक्या फौजेची गरज वाढते. सोळा वर्षांत पेशवाई बुडाली.

कंपनी आणि नंतर राणीचे सरकार आल्यावर खर्चाची दिशा तीच राहिली, फक्त भरणारा बदलला. भाईंदर आणि आसपासच्या खाडीकाठी मिठागरे आहेत. मीठ तयार करायला मणामागे काही आणे पुरत. त्यावर 1888 पासून मणामागे अडीच रुपये कर होता. आधी तो दोन रुपये होता. उत्तर ब्रह्मदेश जिंकण्याचा आणि तिथे फौज ठेवण्याचा खर्च आणि रुपयाची घसरण यांमुळे तिजोरीवर पडलेला ताण हे या वाढीमागचे एक मोठे कारण. इरावती नदीकाठच्या लढाईचे पैसे भाईंदरच्या, पनवेलच्या, घाटावरच्या घराघरांतून आमटीच्या चवीमागे वसूल झाले.

हे सरकारला तोंडावर सांगणारा माणूस मराठीच होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1897 मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली आणि 1902 मध्ये कलकत्त्यात विधिमंडळातल्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पी भाषणात सरकारच्या शिलकीची चिरफाड केली. दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत असताना तिजोरीत शिल्लक दिसते, ती सुबत्तेची खूण नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे, असा त्यांचा मुद्दा. हिंदुस्थानच्या पैशाने पोसलेली फौज साम्राज्याच्या कामासाठी देशाबाहेर वापरली जाते, हा दुसरा. 1903 मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि 1907 पर्यंत एक रुपयावर. त्याचे सगळे श्रेय गोखल्यांना देणे जास्तीचे होईल, पण फौजेचा खर्च आणि गरिबाचे ताट यांचा संबंध आकड्यांनी मांडण्याची शिस्त आपल्याकडे त्यांनी लावली.

कर लावून खर्च भागवला तर तो निदान दिसतो. दुसऱ्या महायुद्धात खर्च भागवण्याची जी रीत वापरली गेली, ती दिसतही नव्हती. हिंदुस्थानात ब्रिटिशांसाठी होणाऱ्या खरेदीचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत आणि त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापी. चलनातल्या नोटा सहा वर्षांत सुमारे सहापट झाल्या. बाजारात माल तितकाच, किंबहुना कमी, कारण कापड, धान्य, लाकूड, रेल्वेच्या वाघिणी सगळे युद्धाकडे वळलेले. भाव चढणारच. कर न लावता कर वसूल झाला, आणि तो ज्याच्याकडे शेत किंवा माल नाही अशा मजुराकडून आणि पगारदाराकडून सर्वांत जास्त. बंगालच्या 1943 च्या दुष्काळात या भाववाढीचा मोठा हात होता. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धाअखेरीस ब्रिटन भारताचे एक अब्ज पौंडांहून अधिक देणे लागत होते आणि ते देणे बुडू नये, हा प्रश्न 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला भारतीय शिष्टमंडळाने मांडला. ठाण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले महापालिकेच्या ज्या संस्थेत शिकतात, तिला याच देशमुखांचे नाव आहे.

याच युद्धाने कल्याणच्या पलीकडे एक शहर जन्माला घातले, तेही कोणाच्या मनात नसताना. उल्हास आणि वालधुनीच्या मधल्या माळावर सरकारने सैन्याच्या पाच छावण्या बांधल्या. दोन हजारांवर बराकी, रस्ते, पाण्याची सोय. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिथे ठेवण्यात आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्प नंबर एक, तीन, पाच असेच सांगतात. पुढे तिथे फर्निचर, कपडे, जीन्स, जपानी बाजार असा सगळा पसारा वाढला. मुंबई परिसरातल्या कित्येक लग्नांची खरेदी तिथे होते.

यावरून लष्करी खर्च म्हणजे गुंतवणूक, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो घाईचा आहे. बराकींनी उल्हासनगर घडवले नाही. छपराची सोय त्यांनी केली, व्यापार सिंधी माणसांच्या हातात आणि डोक्यात होता. रस्ते, पाणी आणि पक्के छप्पर यांवरचा पैसा युद्ध संपल्यावरही उपयोगी पडला, कारण ती वस्तूच दुहेरी उपयोगाची होती. तेवढ्याच रकमेचे तोफगोळे फोडले असते तर 1947 साली हाती काही उरले नसते.

शिवाय त्याच युद्धाची दुसरी बाजू कल्याण-मलंगगड रस्त्यावर नेवाळीला बघायला मिळते. तिथे धावपट्टीसाठी दीड हजार एकरांच्या वर जमीन घेतली गेली. युद्ध संपल्यावर ती परत मिळायची होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ती परत मिळाली नाही आणि अनेक कुटुंबे तिच्यावर भात पिकवत राहिली. 2017 च्या जूनमध्ये नौदलाने कुंपण घालायला घेतल्यावर आंदोलन पेटले, रस्ता अडवला गेला, गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. ज्या विमानांसाठी ही जमीन घेतली, ती उडून सात दशके झाली होती. लष्करी खर्चातला हा भाग कोणत्याही अर्थसंकल्पात छापला जात नाही.

उल्हासनगरच्या पुढचे स्थानक अंबरनाथ. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सरकारने शस्त्रे बनवणारी यंत्रे देशातच तयार व्हावीत म्हणून 1953 मध्ये इथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभारली. शेजारी आयुध निर्माणी आहे, तिचे काम मुख्यतः धातूचे. अर्थशास्त्रात ज्याला गुणक म्हणतात, तो समजून घ्यायला ही जागा उत्तम. कारखान्याने फिटरला पगार दिला. त्याने तो भाजीवाल्याला, शिंप्याला, मुलाच्या क्लासला आणि डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या हप्त्याला दिला. त्या प्रत्येकाने पुन्हा खर्च केला. एक रुपया गावात चारदा फिरला. विदेशी कंपनीला दिलेला रुपया एकदाच फिरतो, आणि तोही दुसऱ्यांच्या गावात. पण गुणक फक्त संरक्षण खात्याच्या पैशाला लागू होतो असे नाही. तोच पगार रेल्वेने किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेने दिला तरी भाजीवाल्याला तेवढाच मिळतो. त्यामुळे खरी तुलना करायची ती खर्च आणि खर्च नाही यांची नव्हे. हा खर्च की तो, अशी ती आहे.

या तुलनेवर अर्थतज्ज्ञांचे अजून एकमत नाही. 1973 मध्ये एमिल बेनुआ यांनी 44 विकसनशील देशांचा अभ्यास छापला. जे देश संरक्षणावर जास्त खर्च करत होते त्यांची वाढही जास्त वेगाने होत होती, असे त्यांना दिसले. त्यात भारतही होता. सैन्यात माणूस शिस्त, वाचन, यंत्रे हाताळणे शिकतो, रस्ते-पूल बांधले जातात, असे त्यांचे स्पष्टीकरण. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी ते खोडून काढले. वाढ होत असलेल्या देशालाच जास्त सैन्य परवडते, कारण आणि परिणाम उलट धरले आहेत, असा मुख्य आक्षेप. तो पटण्यासारखा आहे.

भारताचा स्वतःचा अनुभवही बेनुआंच्या बाजूने फारसा जात नाही. चीनशी युद्ध झाले आणि 1963-64 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद आधीच्या 376 कोटींवरून 867 कोटींवर गेली. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सक्तीची बचत आणली, कर वाढवले. परकीय चलन वाचवण्यासाठी जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि नवे दागिने 14 कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे करायला बंदी झाली. सीमेवर गोळी न चालवलेल्या हजारो सोनार कारागिरांचा धंदा त्या एका हुकुमाने बसला. 1965 चे युद्ध आणि पाठोपाठचा दुष्काळ यांमुळे पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे बाजूला ठेवावी लागली. तरी त्याच काळात, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि नाशिकला यंत्रकामाचे कसब मिळाले. एकाच्या ताटातले गेले, दुसऱ्याच्या हाताला काम लागले.

आजच्या आकड्यांकडे बघताना हे लक्षात ठेवले पाहिजे. 2025-26 मध्ये केंद्राने संरक्षणासाठी 6 लाख 81 हजार 210 कोटी रुपये ठेवले, म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आणि देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास दोन टक्के. त्यातले 1 लाख 60 हजार कोटींहून अधिक निवृत्तिवेतनाचे, तर विमाने, जहाजे, तोफा यांच्या खरेदीसह एकूण भांडवली खर्चाला 1 लाख 80 हजार कोटी. पेन्शनचा बोजा म्हणून दिल्लीत नाके मुरडली जातात आणि अल्पमुदतीच्या सैन्यभरतीची 2022 ची अग्निपथ योजना आणण्यामागे हाही एक विचार होता, असे मानले जाते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावी मात्र हाच पैसा घर, विहीर आणि मुलीचे शिक्षण होऊन उभा राहतो. दिल्लीच्या दृष्टीने तो अनुत्पादक आहे आणि गावाच्या दृष्टीने ती पावसावर न अवलंबून असलेली एकमेव मिळकत आहे. दोन्ही खरे आहे.

अंबरनाथचे कारखाने ऑक्टोबर 2021 पासून सरकारी खात्याचे राहिले नाहीत. देशातल्या 41 आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, आणि कामगार संघटनांचा विरोध असताना संपावर बंदी आणणारा कायदाही त्याच वर्षी झाला. खात्याला ऑर्डर आपोआप मिळत असे, कंपनीला ती मिळवावी लागते. यातून कार्यक्षमता येईल की हळूहळू भट्ट्या थंड पडतील, याचा कौल लागायला अजून काही वर्षे जातील. महाराष्ट्राच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक बोचणारी होती. 2022 मध्ये टाटा-एअरबसचा सुमारे 22 हजार कोटींचा सी-295 विमानांचा प्रकल्प वडोदऱ्याला गेला तेव्हा इथे राजकीय धुरळा उडाला, कारण नागपूरच्या मिहानची आशा होती. संरक्षणाचा पैसा कुठल्या राज्यात फिरणार, यावर आता लोक भांडतात.

घोडबंदर रोडवर या सगळ्याचा सर्वांत महाग घटक म्हणजे जमीन. कोलशेतला वायुदलाचा तळ आहे, येऊरच्या डोंगरावरही आहे. तळ आले तेव्हा आजूबाजूला शेती आणि झाडी होती, आज टॉवर आहेत. संरक्षण खात्याकडे देशभरात साधारण 18 लाख एकर जमीन आहे आणि तिच्या लगतच्या बांधकामावर 1903 च्या कायद्यानुसार बंधने घालता येतात. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या इमारतीचे प्रकरण गाजल्यावर 2011 मध्ये खात्याने लष्करी आस्थापनांपासून 100 मीटरच्या आत, आणि चार मजल्यांहून उंच इमारत असेल तर 500 मीटरच्या आत, ना हरकत घेण्याचे मार्गदर्शक नियम काढले. कांदिवली-मालाडच्या लष्करी भांडाराभोवती कित्येक जुन्या इमारतींचा पुनर्विकास यामुळे अडला. नंतर नियम बदलले, काही ठिकाणी सैल झाले, वाद न्यायालयात गेले. ज्या कुटुंबाची इमारत पडायला आली आहे त्याच्यासाठी तो देशाच्या सुरक्षेचा खर्चच असतो, पण तो संसदेत मंजूर होत नाही आणि भरपाईचा रकानाही त्यात नसतो. कोलशेतच्या बाजूला घर घेणाऱ्याने बिल्डरकडे महापालिकेच्या मंजुरीबरोबर वायुदलाचे ना हरकत पत्र मागावे आणि ते कोणत्या मजल्यापर्यंतचे आहे, हेही वाचून पाहावे.